ब्लँकेटवाले भाऊ

पुण्यात थंडी दोनदा जाहीर होते. एकदा वेधशाळा करते, एकदा भाऊ. भाऊंची थंडी आधी येते. दिवाळीचे आकाशकंदील उतरायच्या आत त्यांचा फ्लेक्स चौकात लागलेला असतो. मधोमध हात जोडलेले भाऊ, भोवती कार्यकारिणीचे चेहरे पासपोर्ट आकारात, आणि अगदी खाली, विजेच्या खांबाआड जाईल अशा बेताने, पदपथावर झोपलेल्या कुणा माणसाची पाठ.

तुमच्या भागातल्या भाऊंना कदाचित अण्णा म्हणत असतील, पण ते असतातच. आमचे भाऊ बँकेतून निवृत्त झाले तेव्हा गणेश मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ आणि हास्यक्लब या तिन्ही ठिकाणची अध्यक्षपदं भरलेली निघाली. म्हणून भाऊंनी बेघर घेतले. संस्थेची नोंदणी झाली, लेटरहेड छापलं, रबरी शिक्का आला. बेघर आधीपासून होतेच.

गैरसमज नको म्हणून आताच सांगतो, भाऊ पैसे खात नाहीत. चहाचंसुद्धा व्हाउचर ठेवतात. त्यांचा हिशेब तपासून ऑडिटरला झोप येते, इतका तो सरळ असतो. वर्गणी गोळा करण्यात मात्र त्यांचा हात धरणारा कुणी नाही. ते पैसे मागतच नाहीत. सोफ्यावर बसतात, पाणी पितात आणि म्हणतात, "2011 च्या जनगणनेत देशात 17 लाखांवर माणसं बेघर निघाली. मोजणी कधी केली? 28 फेब्रुवारीच्या एका रात्रीत! त्या रात्री जो पुलाच्या खांबामागे होता, तो मोजायचा राहिला." यजमान पाचशेची नोट काढतो. तोवर भाऊ सुप्रीम कोर्टात पोचलेले असतात. "2010 मध्ये कोर्टाने सांगितलंय, शहरात दर लाख वस्तीमागे एक निवारा, बारा महिने, चोवीस तास उघडा. त्या जनगणनेत आपल्या पुण्याची वस्ती 31 लाख. करा हिशेब!" यजमान हिशेब करतो आणि पाचशेची दुसरी नोट काढतो. भाऊ पावती फाडतात आणि त्या पैशांची ब्लँकेटं आणतात.

संस्थेच्या चिटणीसबाईंनी एकदा बैठकीत विचारलं होतं, "भाऊ, यंदा निवाऱ्याचंच बघायचं का? खोली भाड्याने घेऊ, राखायला माणूस ठेवू." भाऊंनी चष्मा काढून पुसला. "ताई, निवाऱ्याचं उद्घाटन एकदाच होतं." बाईंना मुद्दा समजला. उरलेली बैठक ब्लँकेटवर 'सौजन्य' कुठल्या कोपऱ्यात छापायचं यावर झाली. पांघरलं तरी वाचता आलं पाहिजे, असा ठराव एकमताने संमत झाला.

वाटप रात्री अकराला सुरू होतं, कारण प्रमुख पाहुण्यांना त्याआधी एका लग्नाच्या स्वागत समारंभाला जायचं असतं. टेम्पो पुलाखाली थांबतो. नऊलाच झोपलेल्या बाबांना कार्यकर्ते हलवून उठवतात. "बाबा, उठा, पांघरूण आणलंय." बाबा उठतात. त्यांनी नेमकं कसं धरायचं ते त्यांना ठाऊक आहे. ब्लँकेटच्या एका टोकाला पाहुणे, दुसऱ्या टोकाला बाबा, आणि दोघांनीही बघायचं फोटोवाल्याकडे. फ्लॅश उडतो. अर्ध्या तासाने दुसऱ्या मंडळाचा टेम्पो येतो. बाबा मग उठून बसूनच राहतात. एका रात्रीत तीन ब्लँकेटं जमतात आणि जानेवारीत एकही उरत नाही. दिवसा मजुरीला जाताना गाठोडं ठेवायचं कुठे? पुलाखाली ठेवलं की अतिक्रमणवाल्यांची गाडी उचलून नेते.

2019 च्या डिसेंबरात लंडनच्या ट्रफाल्गर चौकात लोक बेघरांसाठी म्हणून रात्रभर उघड्यावर झोपले. हेलन मिरेन या बड्या अभिनेत्रीने त्यांना झोपताना गोष्ट वाचून दाखवली. भाऊंच्या लेकीने तिथून त्याचा व्हिडिओ पाठवला आणि पुढच्या हिवाळ्यांची झोप उडाली. करोना ओसरल्यावर शाळेच्या मैदानावर कार्यक्रम ठरला, 'एक रात्र आभाळाखाली'. प्रवेशमूल्य अकराशे, त्यात मसाला दूध, सतरंजी आणि ओडोमॉस. हेलन मिरेनच्या जागी एक निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांची गोष्ट इतकी लांबली की प्रवेशमूल्य वसूल झालं.

पुलाखालचे बाबा 'प्रत्यक्ष अनुभव' या सदरात तीन मिनिटांसाठी होते. त्यांनी आधी मैदानावरून एक नजर फिरवली. "नळाजवळ कुणी झोपू नका, पहाटे ओल येते. चपला उशाला घ्या. अंधार बघून जागा धरू नका. दिव्याखाली झोप कमी लागते, पण चोरी होत नाही." निम्म्या लोकांनी गाद्या हलवल्या. भाऊंनी त्यांना शाल-श्रीफळ दिलं. बाबा म्हणाले, "साहेब, शाल ऱ्हाऊ द्या, नुसता नारळ द्या. नारळाचे पैसे तरी होत्यात. आन् एक विचारायचं हुतं, पहाटे चारला उघडा आसंल असा संडास हाय का कुठं?"

भाऊंनी माइक हातात घेतला. "अत्यंत महत्त्वाचा मुद्दा. नोंद घेतलेली आहे." घेतलीही होती. इतिवृत्तात आहे, मी वाचली आहे.

या माणसाला नुसतं हसून सोडता येत नाही, हीच पंचाईत आहे. बाबांच्या शेजारचा एक म्हातारा तापाने फणफणला तेव्हा भाऊंनी एकट्याने त्याला रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. केसपेपरवर पत्त्याच्या रकान्यात काय लिहायचं म्हणून खिडकीवरचा कारकून अडून बसला. भाऊंनी स्वतःच्या फ्लॅटचा नंबर सांगितला आणि सकाळपर्यंत बाकावर बसून राहिले. म्हातारा वाचला. ही हकीकत वार्षिक अहवालात का नाही, असं विचारलं तर भाऊ ओशाळून म्हणाले, "फोटो नाही हो."

याच भाऊंनी गणपतीत अर्धा रस्ता अडवणाऱ्या मांडवाच्या परवानग्या दोन दिवसांत आणल्या होत्या. वाहतूक, अग्निशमन, ध्वनिक्षेपक, सगळ्या. वॉर्ड ऑफिसातला शिपाई त्यांना पाहून उभा राहतो. सरकारच्या शहरी बेघर निवारा योजनेत माणशी 50 चौरस फूट जागा धरली होती, हे त्यांना तोंडपाठ आहे. पालिकेची बंद पडलेली एखादी खोली मिळवणं त्यांना अवघड नाही. पण खोली मिळाली की तिथे रोज झाडलोट आली, पाणी भरणं आलं, रात्री दारू पिऊन आलेल्याची समजूत घालणं आलं. यातलं एकही काम दोन टोकांना धरून फोटो काढण्याजोगं नाही.

यंदाही भाऊ तुमच्याकडे येतील. त्यांना चहा द्या, आकडे ऐका, पावती नक्की फाडा. फक्त चेकसोबत एका ओळीचं पत्र जोडा, 'ही रक्कम ब्लँकेटसाठी नाही, निवाऱ्याच्या भाड्यासाठी आणि संडासासाठी.' लेखी सांगून दिलेला पैसा दुसरीकडे खर्च करता येत नाही, आणि भाऊ बँकेतले आहेत. अशी पन्नास पत्रं जमली की ऑडिटरच्या धाकाने का होईना, खोली घ्यावीच लागेल. उद्घाटनाला मात्र भाऊंनाच बोलवा.