वजनदार माणसांत

काहीतरी कमी असावं म्हणून जास्त पैसे मोजणारी गिऱ्हाइकं दोन प्रकारची. बिनसाखरेची मिठाई घेणारी आणि कमी वजनाची लेन्स घेणारी. पहिल्या प्रकारात आमचे हे मोडतात, दुसऱ्यात मी.

माझी जुनी 300 मिलिमीटरची लेन्स दीड किलोला साठ ग्रॅम कमी होती. त्यात कॅमेऱ्याची भर. मानेचा एक्स-रे उजेडावर धरून डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही डोक्यावरून काही वाहता का?" मी म्हटलं, "नाही, पक्षी बघते." त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. ते औषधाचं नाव नव्हतं, एवढं मला लांबूनही कळलं.

तेव्हापासून घरात 755 या आकड्याचा जप सुरू झाला. निकॉननं 2015 साली 300 मिलिमीटर, एफ 4 अशी एक लेन्स आणली, बोलीत '300 पीएफ'. ताकद जुनीइतकीच, लांबी जेमतेम पंधरा सेंटिमीटर आणि वजन 755 ग्रॅम. निम्मंच म्हणा ना. पुण्याई ज्या माणसाची, तो ऑग्युस्तँ फ्रेनेल पक्ष्यांच्या मागे कधीच लागला नव्हता. तो होता दीपगृहांच्या मागे. समुद्रात लांबवर उजेड फेकायचा तर भिंग प्रचंड जाड आणि जड व्हायचं. यानं मधली फुकटची काच वगळून भिंगाची कडी कडी केली, आणि 1823 मध्ये फ्रान्समधल्या कोर्दुआँच्या दीपगृहात ते बसवलं. आजच्या या लेन्समधली कडी फारच बारीक, डोळ्यांना कष्टानंच दिसणारी. साध्या भिंगातून जाताना रंग ज्या क्रमानं फाकतात, त्याच्या उलट्या क्रमानं ते या कड्यांतून फाकतात. दोन्ही मिळून रंग जागच्या जागी येतात आणि ते सांभाळायला लागणारी एरवीची काच वाचते. कॅनननं हीच युक्ती निकॉनच्या बऱ्याच आधी, 2001 मध्ये, 400 मिलिमीटरच्या लेन्सला वापरली होती. ओळख पटावी म्हणून तिला हिरवी पट्टीही दिली.

हे सगळं मी जेवताना समजावून सांगितलं. ह्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे आपण काच कमी असलेली लेन्स जास्त पैशांना घेतोय?" बिनसाखरेच्या काजूकतलीचा तुकडा तेव्हा त्यांच्या हातात होता, म्हणून मी गप्प बसले.

खरेदीला मुंबईला, फोर्टात गेलो. दादाभाई नौरोजी रस्त्याच्या आसपास कॅमेऱ्यांची दुकानं आहेत. त्यातल्या एका दुकानात शिरलो आणि मालकांनी ह्यांना खुर्ची दिली.

"बोला सर."

मी म्हटलं, "300 पीएफ आहे का, सेकंडहँड?"

"सर, मॅडमना झूम देऊ का? हलकं आहे एकदम."

ह्यांना कॅमेऱ्यातलं एवढंच कळतं की त्याच्यासमोर डोळे मिटायचे नसतात. पण पुढची वीस मिनिटं सगळी विक्री त्यांनाच चालली होती. कॅननची 800 मिलिमीटरची एफ 11 निघाली. आटोपशीर आहे, काढल्यावर ओढून लांब करायची, ठेवताना आत सारायची. पण एफ 4 च्या मानानं उजेड एक अष्टमांश. भर दुपारी तळ्याकाठी ठीक. सिंहगडाच्या दरीत, झाडीत स्वर्गीय नर्तक टिपायचा तर त्याला आधी उन्हात येऊन बसायची विनंती करावी लागेल. मग एक 500 मिलिमीटरची आरशाची लेन्स आली. ही खरोखर डबीएवढी, कारण आत उजेड आरशांवर आपटून येरझाऱ्या घालतो. पण समोरच्या काचेच्या मधोमध एक आरसा बसवलेला असल्यामुळे मागच्या पाण्यावरची प्रत्येक चमक फोटोत मेदूवड्याच्या आकाराची येते. ह्यांना ते नमुन्याचे फोटो फार आवडले.

मुळात टेलिफोटो ही जातच आखूड. पुढं उजेड गोळा करणारी भिंगं, मागं त्याला थोडं फाकवणारी. त्यामुळे 300 मिलिमीटरची नळी 300 मिलिमीटर लांब ठेवावी लागत नाही. ही कल्पना 1891 ची आहे. लांबी अशी चोरता येते, रुंदी मात्र नाही. 300 ला 4 नं भागा, 75 मिलिमीटरचं तोंड हवंच. 600 ला भागा, 150. तिथं फ्रेनेलसाहेबांचाही इलाज चालत नाही. हे मी मालकांना सांगितलं. ते ह्यांना म्हणाले, "मॅडमना नॉलेज आहे हं, सर."

शेवटी आतल्या कपाटातून ती निघाली. मी मोबाईलचा टॉर्च लावून पाठीमागून आरपार पाहिलं. आपल्याकडच्या पावसाळ्यात लेन्सच्या आत बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी, आणि ती नंतर काढायला गेलं तर काचेवरचा थरही जातो. काच स्वच्छ होती. फोकस फिरवून पाहिला. मालकांना एक रास्त शंका होती, कारण या लेन्सचं छिद्र विजेवर हलतं. डी 90 सारख्या जुन्या कॅमेऱ्यावर लावली तर ते सताड उघडं ते उघडंच राहतं.

"सर, मॅडमना विचारा, बॉडी कुठली आहे."

ह्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "बॉडी कुठली आहे?"

"डी 500."

"डी 500," ह्यांनी मालकांना सांगितलं. व्यवहार झाला.

घरी सासूबाईंनी लेन्स स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. काटा खोटं बोलत नाही, हे त्यांचं ब्रीद.

"पाऊण किलो. आणि जुनी?"

"दुप्पट."

"जुनी महाग होती?"

"नाही. हीच महाग."

त्या बराच वेळ काट्याकडे बघत राहिल्या. "सोनाराकडे हे बोलू नकोस," म्हणाल्या. "तो तुला परत घरी पाठवायचा नाही." तरीही पावसाळ्यात लेन्स कोरडी राहावी म्हणून तिला आंबेमोहोराच्या डब्यात खुपसायचा प्रस्ताव त्यांचाच. तांदळाची पिठूळ धूळ आत जाते असं सांगून मी तो कसाबसा हाणून पाडला. आता घरात येणाऱ्या प्रत्येक नव्या बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी त्या काढून माझ्यासाठी जपून ठेवतात. हवाबंद डबा, त्यात लेन्स आणि अख्ख्या सोसायटीच्या बुटांच्या पुड्या.

मान बरी झाली. मानाचं मात्र कठीण झालं. ते मला भिगवणला कळलं. हिवाळ्यात तिथं उजनी धरणाच्या पाण्यावर रोहित पक्षी येतात, त्यांच्यासाठी कुंभारगावात पहाटेपासून फोटोवाल्यांची गर्दी असते. इथले मासेमार होड्या चालवतात, पक्षी दाखवतात, आणि कुणाला होडीत कुठं बसवायचं ते लेन्स पाहून ठरवतात. माझ्या होडीत एक गृहस्थ होते, 600 एफ 4 वाले. ती लेन्स एकटीच पावणेचार किलोंच्या वर, तिला या मंडळींत 'तोफ' म्हणतात. नावाड्यानं त्यांना हात धरून पुढं बसवलं, तोफेखाली उशी दिली आणि माझ्या गळ्याकडे एक नजर टाकून म्हणाला, "ताई, तुम्ही मागं बसा. पुढं सर हायेत."

रोहित लांब होते, तिथं तोफेचंच राज्य. मी शेकाट्यांवर समाधान मानलं. मग एक ऑस्प्रे नखांत मासा धरून थेट आमच्या डोक्यावरून गेला. सरांनी तोफ उशीवरून उचलून वर वळवेपर्यंत मासा सोलापूर जिल्ह्यात पोचला असावा. मी हात वर करून चार-पाच फ्रेम काढल्या होत्या. सरांनी मागं वळून माझ्या स्क्रीनवर पाहिलं. खवले मोजता येत होते.

"वा! छोट्यावरही बरं येतं की," ते म्हणाले. मग जरा थांबून, "आमचे सगळे फोटो आम्हीच काढतो, त्यामुळे आमचा एकही नाही. मोबाईल गाडीत राहिला. तुमचं छोटंच आहे, तर एक काढता का? लेन्ससकट."

मी त्यांना सांगितलं की ही दिसते छोटी, पण आहे 300 ची. त्यांना ते पटलं नाही. तोफ छातीशी धरून ते पोज देऊन बसले. दोन मीटरवरून माझ्या लेन्समध्ये त्यांचं नाक आणि एका बाजूची मिशी मावली. दोन्ही अतिशय सुस्पष्ट.

"लेन्स कुठाय?" सरांनी विचारलं. "जरा मागं सरका ना."

मी होडीच्या शेवटच्या फळीवर होते. मी नावाड्याकडे पाहिलं. त्यानं बांबू पाण्यात घालून अंदाज घेतला.

"सरका, ताई," तो म्हणाला. "कमरेएवढंच हाय."