भरवशाच्या क्रूझरला टोणगा

रोज ऑफिसला जायला सेकंड हँड क्रूझर घ्यायची आणि ती भरवशाची हवी, असं ज्यांनी ठरवलं आहे, त्यांचं आधी अभिनंदन. गाडी रोज सुरू व्हावी, वेळेवर पोचवावी आणि ॲव्हरेज चांगलं द्यावं, एवढ्याच माफक अपेक्षा असलेली माणसं स्प्लेंडर घेतात. त्यांना मेकॅनिकचं नावही ठाऊक नसतं. इतकं एकलकोंडं आयुष्य आपल्याला नको.

क्रूझर हा प्रकार अमेरिकेतल्या सरळसोट, न संपणाऱ्या रस्त्यांवर वाढला. पाय पुढे, हँडल रुंद, सीट खाली, दोन चाकांत ऐसपैस अंतर. एकदा टॉप गिअर टाकला की तासभर डाव्या हाताला काम नाही. आपल्याकडे असे रस्ते नव्हते, ही अडचण खरी होती. सरकारने ती दूर केली. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे बांधला, नागपूरपासून मुंबईच्या वेशीपर्यंत ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग बांधला, आणि दोन्हींवर दुचाकींना बंदी घातली. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर बंदी आहे, अटल सेतूवर आहे, मुंबईच्या कोस्टल रोडवरही आहे. राहता राहिला पुण्यातला सिंहगड रस्ता. संध्याकाळी साडेसहाला तिथे पहिल्या गिअरमध्ये, अर्धा क्लच दाबून, रिक्षा आणि टेम्पो यांच्या मधल्या फटीत रुंद हँडल घालून पाहावं. क्रूझिंगचा आनंद घाईने घ्यायचाच नसतो.

शरीराचाही लाभ होतो. सरळ बसायच्या गाडीवर खड्डा दिसला की माणूस फूटरेस्टवर थोडा उठतो आणि धक्का गुडघ्यांत जिरवतो. पाय पुढे असले की उठता येत नाही. सगळा भार माकडहाडावर असतो, त्यामुळे प्रत्येक स्पीडब्रेकरची नोंद थेट तिथे होते. महापालिकेची रस्तेदुरुस्ती कुठवर आली, याची इतकी आतून माहिती नगरसेवकालाही नसते.

आता कोणती घ्यावी? पुण्याच्याच बजाजने २००५ साली ॲव्हेंजर आणली आणि ‘फील लाइक गॉड’ म्हणून तिची जाहिरात केली. सीट जमिनीपासून पाऊण मीटरहूनही खाली, त्यामुळे बेताच्या उंचीच्या देवालाही दोन्ही पाय टेकतात. तिचा दोष एकच, पण मोठा. ॲव्हेंजर २२०चं इंजिन पल्सरच्या घराण्यातलं आहे, त्यामुळे कुठल्याही तालुक्याच्या गावी ती दुरुस्त होते आणि पार्ट दुपारपर्यंत हातात पडतो. यात कसली कसोटी?

त्या मानाने थंडरबर्ड बरी. २००२ ते २०२० एवढ्या काळात ती बनली, म्हणजे निवडीला वाव भरपूर. त्यातल्या मधल्या पिढीच्या इंजिनात स्टार्टरजवळ स्प्रॅग क्लच नावाचा एक भाग असतो. बॅटरी अशक्त असताना बटण दाबत राहिलं की तो हळूहळू झिजतो आणि एके दिवशी स्टार्टर नुसताच फिरतो, इंजिन जागचं हलत नाही. पाहायला गेलात तर बॅटरीविषयी विचारू नका, मालकाला अवघडल्यासारखं होतं.

जुनी कास्ट आयर्न बुलेट मिळाली तर सोन्याहून पिवळं. ती क्रूझर नाही, असं तज्ज्ञ म्हणतात. तज्ज्ञांनी बुलेटवर बसलेल्या माणसाला हे तोंडावर सांगून पाहावं. तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असतो. घरात दुसरी एखादी साधी मोटरसायकल असेल आणि दोन्ही आलटून पालटून चालवायची असतील, तर समोर अचानक म्हैस आल्यावर कोणता पाय काय करील हे मेंदूलाही आधी सांगता येत नाही. ऑइल गळतं म्हणून तक्रार करू नये. गळतंय म्हणजे आत आहे, एवढं तरी कळतं.

आणि ज्यांची झेप मोठी आहे त्यांच्यासाठी हार्लेची स्ट्रीट ७५० आहे. २०१४ साली आली. २०२० साली कंपनीने भारतातला कारखाना बंद करत असल्याचं जाहीर केलं, म्हणून जुन्या बाजारात ती मोहात पाडणाऱ्या भावात दिसते. सव्वादोनशे किलोंची गाडी, मांड्यांच्या मधोमध तापलेलं व्ही-ट्विन इंजिन, आणि मे महिन्यातला नळ स्टॉपचा सिग्नल. पार्टची वाट पाहण्यात जे दिवस जातात, त्या दिवसांत गाडीचं ॲव्हरेज उत्तम असतं.

खरं तर मॉडेलचा एवढा विचार करण्याचंच कारण नाही. गाडी कानांनी निवडावी. इंदोरी सायलेन्सर बसवलेली असेल तर उत्तमच. तो बेकायदा आहे आणि पोलिसांनी असे सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांच्यावर रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रं पेपरांत येत असतात. पण त्याचा एक उपयोग फारसा कुणी सांगत नाही. त्या आवाजात टायमिंग चेनचा खडखडाट अजिबात ऐकू येत नाही. व्यवहार त्यामुळे गोडीत पार पडतो.

गाडी पाहायला संध्याकाळी दिवेलागणीनंतर जावं. फोन करून जावं, म्हणजे मालक आदरातिथ्य म्हणून इंजिन आधीच गरम करून ठेवतो. गरम इंजिन अर्ध्या बटणात सुरू होतं. थंड असताना सकाळी पहिल्यांदा जो निळसर धूर निघतो, तो इंजिन ऑइल खात असल्याचं सांगतो. अंधारात तो दिसत नाही आणि गरम इंजिनात बरेचदा निघतही नाही. पुढचं चाक उचलून हँडल हलवलं की कोनसेट गेलाय का ते कळतं, पण परक्याच्या वस्तूशी अशी झटापट बरी दिसत नाही. टायरच्या कडेला चार आकडी खूण असते. १४१७ असेल तर टायर २०१७ सालच्या चौदाव्या आठवड्यातला. नक्षी अजून शाबूत दिसते, रबर मात्र पाटीसारखं कडक झालेलं असतं. वयाचा मान ठेवावा आणि पावसाळ्यात जपून वळावं.

मग मालकाचं बोलणं ऐकावं, इतकं ऐकण्यासारखं दुसरं काही नसतं. “डॉक्टरांची गाडी आहे साहेब, सिंगल हँड, फक्त रविवारी काढायचे.” महाराष्ट्रातल्या डॉक्टरांनी नेमक्या किती गाड्या वापरल्या, हा संशोधनाचा विषय आहे. फक्त रविवारी निघणाऱ्या गाडीच्या टाकीत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आठवडेच्या आठवडे उभं राहतं, हवेतलं पाणी ओढतं, टाकी आतून गंजते आणि कार्ब्युरेटरचे जेट तुंबतात. पण डॉक्टरांवर अविश्वास दाखवणं आपल्या संस्कारात बसत नाही. “इंजिनला हात लावलेला नाही” हे वाक्यही मनोभावे ऐकावं. कधी कधी खरंच कुणी हात लावलेला नसतो, ऑइल बदलायलासुद्धा.

कागदपत्रांत शिरणं हे संशयी माणसाचं लक्षण. मालक सही केलेला कोरा टीटी फॉर्म देतो, त्यावर समाधान मानावं. कायद्याने विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, विमाही चौदा दिवसांत नावावर करून घ्यायला अर्ज द्यायचा असतो. या मुदती घाईत असणाऱ्या लोकांसाठी आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगून ठेवलं आहे की अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक. म्हणजे गाडी तुम्ही चालवायची आणि ठोकली तर नोटीस जुन्या मालकाला. दोन कुटुंबांत इतका दीर्घ ऋणानुबंध एरवी लग्नानेही जुळत नाही. बँकेचा बोजा आहे का, जुनी ई-चलनं थकली आहेत का, हे सरकारी ॲपवर दोन मिनिटांत दिसतं. त्या दोन मिनिटांत गाडीसोबत चार फोटो निघतात.

यथावकाश गॅरेजवाला भाऊ घरचा होतो. त्याच्या मुलीच्या बारशाला तुम्ही जाता, तुमच्या पगाराची तारीख त्याला पाठ असते. ऑफिसला रिक्षाने जाता आणि रिक्षात बसून शेजारच्याला सांगता की बुलेट ती बुलेटच.

एवढं सांगूनही कुणाला शहाणपणाच करायचा असेल, तर अडवणार कोण? त्याने पहिल्या मालकाची ॲव्हेंजर २२० पाहावी, नाहीतर नोव्हेंबर २०२०मध्ये आलेली मीटिऑर ३५०. जाताना मालकाने दिलेला नव्हे, स्वतःचा मेकॅनिक न्यावा. सकाळी सातला जावं, इंजिनाला हात लावून ते थंड असल्याची खात्री करावी आणि मगच बटण दाबावं. चासी नंबर आरसीशी ताडून पाहावा. आणि आरसीवर स्वतःचं नाव येईपर्यंत शेवटचे दहा हजार हातचे सोडू नयेत.