पहारेकरी दोन, चोर शून्य

बोईसरमध्ये अँटीव्हायरस कुठला घ्यावा हे कुणाला विचारू नये, कारण सकाळच्या लोकलमध्ये ते न विचारताच सांगतात. उमरोळी यायच्या आत एकाने पुण्याच्या काटकर बंधूंची गोष्ट ऐकवली: कॅलक्युलेटर दुरुस्त करणारे थोरले कैलास, प्रोग्रॅम लिहिणारे धाकटे संजय आणि त्यातून उभं राहिलेलं क्विक हील. पालघर येईतो दुसऱ्याने परदेशी कंपन्यांची थोरवी गायली. माझा ऊर अभिमानाने आणि ज्ञानाने भरून आला, आणि घरी जाऊन मी भलतेच दोन, फुकटातले, बसवले.

एकाला चुकलेला चोर दुसऱ्याला सापडेल, हा माझा हिशेब. पण अँटीव्हायरस प्रत्येक फाइल उघडताना तपासतो. दोन असले की दोघे तीच फाइल तपासतात, शिवाय एकमेकांनाही. तारापूर एमआयडीसीतल्या गेटवर दोन वॉचमन एकमेकांचेच डबे उघडून बघत बसावेत आणि बाहेर कामगारांची रांग लागावी, तसं झालं. जुनी हार्डडिस्क घरघरू लागली, टास्क मॅनेजरमध्ये डिस्क शंभर टक्क्यांवर गेली, आणि साधा हिशेबाचा तक्ता उघडेपर्यंत चहा उकळून, गाळून, पिऊन व्हायचा.

मग कुणी म्हणालं, पूर्ण स्कॅन रात्री ठेवा. मी अकराची वेळ लावली. एएम-पीएमशी माझं जुनं वैर. रत्नागिरीच्या लग्नाला जायचं म्हणून सकाळी स्लीपरचं तात्काळ तिकीट काढायला बसलो, तर अकराच्या ठोक्याला तात्काळही उघडलं आणि स्कॅनही. स्कॅन निर्विघ्न पार पडलं. लग्नाला आम्ही एसटीने गेलो.

शेवटी दुकानातल्या पोराने दोन्ही काढून टाकले. “काका, विंडोजमध्ये डिफेंडर आधीच आहे. दुसरा आला की तो बिचारा आपणहून बाजूला होतो. अपडेट तेवढे चालू ठेवा, आणि जमलं तर एसएसडी टाका.” म्हणजे फुकटचा पहारेकरी घरातच होता, मी त्याला घालवून बाहेरून दोन आणले होते.

कॉम्प्युटर पळू लागला. त्याच आठवड्यात फोन आला: वीजबिल थकलंय, आज रात्री लाइट कापणार, हे ॲप टाका. मी अदबीने “हो साहेब” म्हणत ॲप उतरवायला घेतलं, तेवढ्यात बायकोने फोन हिसकावला.

“अहो, बिल मीच भरलंय. कॉम्प्युटरला काय कुलपं लावता? दार उघडायला तुम्ही आहात ना!”