प्रिंट येतेय, बसा जरा

प्रिंटर मंद चालतो ही तक्रार ज्या कचेरीत नाही, तिचं उद्‌घाटन व्हायचं बाकी असावं. एका हॉलमध्ये दहा-बारा टेबलं, प्रिंटर एक, आणि तो हेडक्लार्कच्या पीसीवरून सगळ्यांना ‘शेअर’ केलेला. हेडक्लार्क रजेवर गेले, पीसी बंद राहिला, की अख्ख्या कचेरीची छपाई रजेवर.

यावरचे उपचार परंपरेने चालत आलेले आहेत. प्रिंट आली नाही की पुन्हा मारायची. तरी आली नाही, तर शेजारच्या टेबलावरून मारायची. रांगेत पहिलंच काम अडकलेलं असतं आणि पुढच्या प्रत्येक क्लिकने त्याच्यामागे नवा उमेदवार उभा राहतो, हे कोणी बघत नाही. मग शिपाईमामा टोनर काढतात, दोन्ही हातांनी गदागदा हलवतात, परत बसवतात. टोनर संपत आला असेल तर याने अक्षर ठळक होतं. वेगाशी त्याचा सुतराम संबंध नाही, पण काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. अखेरीस कोणीतरी पीसी रीस्टार्ट करतं आणि एकाच रजेच्या अर्जाच्या अकरा प्रती बाहेर पडतात.

आरोपी शोधणं खरं तर फार अवघड नाही. प्रिंटरच्याच बटणांवरून त्याचं कॉन्फिगरेशनचं पान काढावं. ते झटकन आलं तर यंत्र निर्दोष. मग नोटपॅडमधली एक ओळ छापावी. तीही झटकन आली तर गुन्हा फाइलचा. आणि आमच्याकडे बहुतेकदा तो फाइलचाच असतो. मूळ जीआर वेबसाइटवर चांगला स्वच्छ पीडीएफमध्ये असतो. पण तो छापून, त्यावर गोल शिक्का मारून, 600 डीपीआयवर रंगीत स्कॅन केल्याशिवाय आपल्याला तो अधिकृत वाटतच नाही. असं एक ए-फोर पान उलगडलं की शंभर एमबीच्या वर जातं. ड्रायव्हरने ते दाबून पाठवलं नाही, तर 100 एमबीपीएसच्या वायरीतून जायलाच आठ सेकंद हवेत. वीस पानांचं परिपत्रक असेल तर चहा सांगावा. छापणारा प्रिंटर काळा-पांढरा आहे हे सांगायचं राहिलं.

नोटपॅडची ओळही रेंगाळली तर मात्र पोर्टकडे बघायचं. विंडोजने प्रिंटर आपोआप शोधून डब्ल्यूएसडी पोर्टवर टाकलेला असतो. तो बदलून, प्रिंटरला कायमचा आयपी पत्ता देऊन, साध्या टीसीपी-आयपी पोर्टवर आणायचा. तिथे ‘एसएनएमपी स्टेटस’ची खूण असते. प्रिंटर त्या चौकशीला उत्तर देत नसेल तर ती काढायची, नाहीतर समोर धडधडीत चालू असलेलं यंत्र ‘ऑफलाइन’ म्हणून जाहीर होतं. काम अर्ध्या तासाचं.

पण त्यासाठी ॲडमिनचा पासवर्ड लागतो. 2021 साली विंडोजच्या प्रिंट स्पूलरमध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाचं मोठं भगदाड सापडलं, आणि त्या ऑगस्टपासून तर सर्व्हरवरून नुसता ड्रायव्हर घ्यायलाही मायक्रोसॉफ्ट ॲडमिनची परवानगी मागू लागलं. निर्णय योग्यच. आमचा ॲडमिन म्हणजे एएमसीवाला. त्याचं मागच्या वर्षीचं बिल लेखा शाखेत पडून, आणि ते पुढे सरकवायची टिप्पणी प्रिंटरच्या रांगेत.

शेवटी ऑडिटच्या आदल्या दिवशी त्याला गळ घालून आणलं. त्याने पोर्ट बदलला, अडकलेली कामं साफ केली आणि प्रिंटर पळायला लागला. दोन दिवस कौतुक झालं. तिसऱ्या दिवशी दाखल्यासाठी आलेल्या गृहस्थांना ‘प्रिंट येतेय, बसा जरा’ म्हणायच्या आत प्रिंट आली. ते ती घेऊन सहीसाठी थेट साहेबांच्या केबिनपाशी गेले. साहेब जागेवर नव्हते. दुसऱ्याने टिप्पणी कधी टाकली ते विचारलं. ती टाकलीच नव्हती. इतकी वर्षं प्रिंटरच्या पदराखाली सुखाने नांदणाऱ्या गोष्टी भराभर चव्हाट्यावर येऊ लागल्या.

दुपारी हेडक्लार्कनी ‘सर्व्हर डाऊन आहे’ अशी पाटी टाइप केली. जाड अक्षरात, चौकट करून. प्रिंट मारेपर्यंत हातात आली.