गाडीचा घाट

काशीतल्या राजा घाटावर मोटार जात नाही. हे आरंभीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचा सगळा लेख मोटारीवर आहे आणि तिचा निवाडा मला राजा घाटाच्या पायरीवरूनच करायचा आहे. बंगाली टोल्याच्या गल्ल्यांतून घाटाकडे उतरताना समोरून नंदी आला, तर माणसानं भिंतीला पाठ लावून पोट आत घ्यायचं, असा तिथला वाहतुकीचा नियम आहे. मर्सिडीजची डब्ल्यू १२४ जातीची सेडान १७४० मिलिमीटर रुंद आणि ४७४० मिलिमीटर लांब, आरसे वेगळे. म्हणजे ती गल्लीत शिरली तर पोट नंदीला आत घ्यावं लागेल, आणि काशीतला नंदी ते कुणासाठीही घेत नाही. तरीही ही जागा मी मुद्दाम निवडली आहे. तीस वर्षं मनात घोळवलेली जुनी, वेगवान जर्मन गाडी जो मराठी माणूस उतारवयाच्या उंबरठ्यावर अखेर दारात आणून उभी करतो, त्यानं वाहन घेतलं असं धरून हिशेब मांडला तर तो मूर्ख ठरतो. त्यानं घाट बांधला असं धरलं, तर मात्र हिशेब जुळतो. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि त्याला पुरावा पेशव्यांच्या घरातला आहे.

आधी त्या तीस वर्षांबद्दल. ‘काशीस जावे नित्य वदावे’ असं आपल्याकडे म्हणतात. यात ‘जावे’पेक्षा ‘वदावे’वर जोर आहे, हे आपल्या लोकांनी फार लवकर ओळखलं. जुन्या काळी त्याला कारण होतं. वाट महिनोन्‌महिन्यांची, वाटेत ठग आणि पटकी. निघताना निरोप घ्यायचा तो शेवटचाच समजून. परतल्यावर थाटानं मावंदं घालत ते पुण्य मिळालं म्हणून कमी आणि माणूस जिवंत आला म्हणून जास्त, असा माझा संशय आहे. पुढे रेल्वे आली, काशी जवळ आली आणि वदण्यातली गंमत गेली. मग वदायला दुसरं लांबचं, महाग आणि शक्यतो न घडणारं काहीतरी हवं होतं. ती रिकामी जागा १९९० नंतर जर्मन गाडीनं भरून काढली. ‘एकदा मर्सिडीज घ्यायची’ हे वाक्य स्कूटरला तिरकी करून किक मारता मारता म्हणता येतं, घराचा हप्ता भरून बँकेच्या पायऱ्या उतरताना म्हणता येतं, आणि त्याला पेट्रोल लागत नाही.

वदणारे तपशिलाचे पक्के असतात. नुसती मर्सिडीज नव्हे, ५०० ई. तिची कथा कीर्तनाला शोभेल अशी आहे. १९९० च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या प्रदर्शनात ही गाडी पुढे आली. दिसायला डब्ल्यू १२४ सारखीच, म्हणजे जर्मनीत जिची टॅक्सी चालत असे तीच. पण आत पाच लिटरचं आठ सिलिंडरांचं इंजिन आणि ३२६ अश्वशक्ती. ते इंजिन आणि रुंद चाकं मावावीत म्हणून पुढची मडगार्डं फुगवली, तर गाडी मर्सिडीजच्या स्वतःच्या जुळणीच्या साखळीत बसेना. तेव्हा पोर्शे कंपनी पैशांच्या ओढाताणीत होती. काम तिला दिलं. मग पोर्शेच्या कारखान्यात सांगाडा, रंगासाठी परत मर्सिडीजकडे, पुन्हा पोर्शेकडे इंजिन आणि जुळणी, अशा येरझाऱ्या घालत एक गाडी अठरा दिवसांनी बाहेर पडे. अशा १०,४७९ झाल्या. वेग ताशी २५० ला बांधून ठेवलेला. मागचा डिफरन्शियल एवढा मोठा की मागे दोनच आसनं मावली. पाचव्या माणसाला ‘जागा नाही हो’ असं खरं बोलून सांगता येण्याची सोय जगात फार थोड्या गाड्यांनी दिली आहे.

आता या गाडीची आणि मराठी माणसाची गाठ का पडत नाही, ते पाहा. ५०० ई फक्त डाव्या स्टीअरिंगची निघाली. भारतात वापरलेली गाडी आणायची तर स्टीअरिंग उजवीकडे हवं आणि गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी नको. म्हणजे ती हवी तेव्हा चुकीच्या हाताची होती आणि परवडली तेव्हा चुकीच्या वयाची झाली. परंतु दैव अगदीच निष्ठुर नसतं, निदान पुणे जिल्ह्यात. १९९४ मध्ये मर्सिडीज टेल्कोचा हात धरून भारतात आली आणि १९९५ पासून पिंपरीत डब्ल्यू १२४ जुळू लागली. तिकडे जर्मनीत त्याच वर्षी तिची जागा नवीन मॉडेल घेत होतं, म्हणजे आपल्याकडे आली ती थोरल्या भावाचा शर्ट धाकट्याला यावा तशी. पिंपरीच्या ई २२० मध्ये चार सिलिंडर आणि सुमारे १५० अश्वशक्ती; ५०० ई च्या निम्म्याहूनही कमी. तरीही वर्षानुवर्षं वदलेला माणूस शेवटी घेतो ती हीच, कारण मिळते ती हीच. आणि इथेच आपली भाषा त्याच्या मदतीला धावते. नदीच्या पायऱ्या हा घाट, खंडाळ्याचा उतार हाही घाट, मनात एखादी गोष्ट घातली की तोही घाट, आणि वस्तूची घडण हाही घाटच. दोन्ही गाड्यांचा घाट एक आहे. उभ्या काचेवर सरकत सरकत ८६ टक्के भाग पुसणारा तो एकुलता एक वायपरसुद्धा एक आहे. खरा फरक काय तो बॉनेटखाली, आणि बॉनेट उघडून दाखवलं तरी आलेल्या पाहुण्याला तो कळत नाही.

राजा घाट ज्यानं दगडात बांधून काढला त्या अमृतरावाचा मामला याहून वेगळा नव्हता. रघुनाथरावाचा हा दत्तक मुलगा. वयानं थोरला, पण पेशवाई मिळाली धाकट्या बाजीरावाला. १८०२ च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरानं हडपसरला बाजीरावाची फौज उधळली, बाजीराव वसईला पळाला, आणि पुण्यात अमृतरावाचा मुलगा विनायकराव मसनदीवर नि कारभार अमृतरावाच्या हाती, असं काही महिने चाललं. दर्जा तोच, इंजिन मात्र होळकरांचं. पुढच्या वर्षी आर्थर वेलस्ली पुण्यावर चालून आला तेव्हा अमृतरावानं हिशेब केला आणि सालीना सात लाखांच्या नेमणुकीवर हक्क सोडून दिला. पुढे तो काशीला राहिला, १८२४ मध्ये तिथेच वारला, आणि त्याच्या नावाचा अमृतराव घाट आज राजा घाट म्हणून ओळखला जातो. गादी गेली, घाट राहिला. गादीची गाडी करायला एकच अक्षर बदलावं लागतं, म्हणून हा दाखला मला फार जवळचा वाटतो.

यावर चतुर वाचक लगेच म्हणेल की बाजीरावानं धीर धरला आणि त्याला १८१८ मध्ये आठ लाख मिळाले. थांबणाऱ्याचा लाखाचा फायदा झाला. खरं आहे. गाडीच्या बाबतीतही थांबावं असं सांगणारे पुष्कळ भेटतात. पण बाजीरावाला त्या लाखाबरोबर बिठूरही घ्यावं लागलं, आणि मधल्या पंधरा वर्षांत त्यानं काय काय घालवलं ते शाळेच्या पुस्तकात आहे.

खरा आक्षेप वेगाचा आहे. परफॉर्मन्सची गाडी घेऊन ती पळवणार कुठे? द्रुतगती मार्गावर मोटारींना ताशी १०० ची मर्यादा, बोरघाटात त्याहून कमी, आणि त्या मर्यादेलाही पोचू न देण्याची काळजी मधल्या लेनमधले ट्रक घेतात. हा आक्षेप गाडीला वाहन समजणाऱ्याचा आहे. राजा घाटाला कुणी विचारत नाही की बाबा, तुझ्या पायऱ्यांवरून दिवसाकाठी किती माणसं उतरतात आणि दर माणशी दगडाचा खर्च किती पडला. शिवाय सरकार माझ्याच बाजूचं आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षं पुरी झालेली, मूळ रूपातली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. मग तिला रस्त्यावर आणायची मुभा प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं आणि दुरुस्ती अशा कारणांपुरतीच. म्हणजे गाडीचं अंतिम ध्येय पंपावर आणि गॅरेजात जाऊन परत येणं हेच आहे, हे राजपत्रात छापून आलेलं आहे. जुन्या गाडीचे मालक ते पूर्वीपासून पाळत होते. कायदा मागाहून आला. पिंपरीच्या १९९५ च्या गाडीला हा मान २०४५ मध्ये मिळेल. जर्मनीत तिशी गाठली की गाडीच्या पाटीवर मानाचा ‘एच’ लागतो. आपल्याकडे पंधराव्या वर्षी ती म्हातारी, पन्नासाव्या वर्षी वंदनीय, आणि मधली पस्तीस वर्षं परिवहन कार्यालयात. माणसाचंही साधारण असंच असतं म्हणा.

दुसरा आक्षेप खर्चाचा. तो मी नाकारत नाही, त्याची जात तेवढी सांगतो. गंगेला दर पावसाळ्यात पूर येतो, घाट बुडतात, आणि पाणी ओसरल्यावर पायऱ्यांवर गाळाचे थर उरतात. पंप लावून, पाण्याचा झोत मारून तो गाळ पुन्हा नदीत लोटायचा, हे दरवर्षीचं काम. त्यावरून घाट बांधणाऱ्याची चूक झाली असं कुणी म्हणत नाही. जुनी जर्मन गाडी याच शिस्तीची आहे. १९९० नंतरच्या काही वर्षांत मर्सिडीजनं इंजिनाच्या वायरिंगला पर्यावरणाची काळजी म्हणून लवकर विघटन होणारं आवरण वापरलं. ते बोलल्याप्रमाणे विघटन पावलं, फक्त गाडी भंगारात जायची वाट न बघता. कुरकुरीत होऊन गळून पडणारं ते आवरण बघून मालक हवालदिल होतो, पण काशीच्या पायरीवरून पाहिलं तर पंचमहाभूतांतून आलेलं पंचमहाभूतांत गेलं, इतकंच घडलं आहे. पेट्रोलबद्दल बोलायचं तर एकनाथांनी काशीहून रामेश्वराला न्यायची गंगेची कावड वाटेत तहानलेल्या गाढवाला पाजली, हे आपल्याला भूषण वाटतं. त्या गाढवानं लिटरला किती अंतर दिलं, असा प्रश्न आजवर एकाही कीर्तनात कुणी उपस्थित केलेला नाही.

नवीन गाड्या जास्त वेगवान, जास्त सुरक्षित आणि कमी खर्चाच्या असतात, हे निर्विवाद आहे. मिक्सरही पाट्या-वरवंट्यापेक्षा वेगवान असतो. त्यावर शब्द घालवत नाही. दिखाऊपणाचा आरोप मात्र ऐकून घ्यावा लागतो, कारण त्यालाही काशीत पुरावा आहे. बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास बांधवलेला शिंदे घाट इतका भव्य आणि जड झाला की स्वतःच्या भारानं खचला. त्याच्या लगतचं रत्नेश्वराचं देऊळ आजही कललेलं आहे, आणि परदेशी पाहुणे पिसाचा मनोरा विसरून त्याचे फोटो काढतात. ऐपतीपेक्षा जड गाडी घेणाऱ्याचं असंच होतं, हे मान्य. म्हणून तर ५०० ई ऐवजी ई २२०. आपला घाट आपल्या नदीच्या मानानं बांधावा, हे अमृतरावाला सात लाखांत कळलं होतं.

राहता राहिला घरचा आक्षेप. राजा घाटाच्या अगदी शेजारी नारद घाट आहे. तिथे नवरा-बायकोनं मिळून स्नान केलं तर दोघांत भांडण लागतं, अशी श्रद्धा आहे, आणि जोडपी तिथं उतरायचं टाळतात. भूगोलानं इतकी स्पष्ट सूचना क्वचितच दिली असेल. जुनी गाडी बघायला दोघांनी मिळून जाणं हे नारद घाटावरचं स्नान आहे. एकाला क्रोमची पट्टी दिसते, दुसऱ्याला तिच्याखालचा गंज दिसतो, आणि दोघांचंही दिसणं बरोबर असतं. एकट्यानं जाऊन यावं तर परतल्यावर ‘काशी केलीत’ हे ऐकावं लागतं. या वाक्याचा आपल्या बोलीतला अर्थ तीर्थयात्रेचा नाही, पण आपण तो तसा घ्यावा आणि मावंद्याची तारीख ठरवावी.

काशीहून येताना आवडती एखादी गोष्ट कायमची सोडून यायची, असा आपल्याकडे रिवाज आहे. अमृतरावानं पेशवाई सोडली होती. पण रिवाजाचं मराठीत भाषांतर होता होता बहुतेक यात्रेकरू कारलं सोडून येतात. काही धाडसी लोक पडवळ सोडतात. ई २२० दारात आल्यावरही काहीतरी सोडावं लागतंच. तेव्हा मालकानं गंभीर चेहऱ्यानं जाहीर करावं की आजपासून ताशी २५० सोडलं.