पाऊस दाखवणारे बाबा

15 ऑगस्टला जोडून शनिवार-रविवार आला की हे गृहस्थ चळवळे होतात. वय पस्तिशी-चाळिशीतलं, मुक्काम पुणे, मूळ घर संगमेश्वराच्या आसपास, पदरी दोन मुलं: थोरला सहाचा, धाकटी तीनची. 'मुलांना खरा पाऊस दाखवायचाय' हे त्यांचं वाक्य सोसायटीच्या वॉचमनलासुद्धा पाठ झालेलं असतं. "तिथे कपडे वाळत नाहीत," एवढंच बायको म्हणते आणि बॅगेत चार फ्रॉक जास्त टाकते.

खऱ्या पावसाबद्दल बाबांचं चुकत नाही. पुण्यात वर्षाकाठी 700-750 मिलिमीटर पडतो. रत्नागिरीत त्याहून जास्त एकट्या जुलैत कोसळतो. अडचण एवढीच, की बाबा तो आधी मोबाइलवर बघतात. वरंध घाट दरडींच्या धास्तीने बहुतेक पावसाळ्यांत बंद, म्हणून कराड, पाटण करत कुंभार्लीने उतरायचं. आणि घाट उतरून पोफळीला रेंज येते तोच 'ऑरेंज अलर्ट'. गाडी बाजूला घेऊन बाबा घरी फोन लावतात. 24 तासांत 115.6 ते 204.4 मिलिमीटर म्हणजे हवामान खात्याच्या हिशेबात 'अतिमुसळधार', हे वडिलांना समजावून सांगतात.

"आमच्याकडे त्याला पाऊस म्हणतात," आजोबा म्हणतात. "ये तू. चिपळुणातून येताना पाव आण."

घरी पोचल्या पोचल्या पोरं पडवीतून थेट अंगणात. "भिजू दे गं त्यांना! आम्ही लहानपणी..." हे वाक्य बाबा पुरं करत नाहीत, कारण मध्येच "अरे, डोकं पुस आधी!" अशी आरोळी त्यांनाच ठोकायची असते. पोरांनी अनवाणी चालावं, पण शेवाळलेल्या चिऱ्यावरून नको. पऱ्ह्या बघावा, पण लांबून. विहिरीत डोकवावं, पण आजोबांनी दंडाला धरल्यावर. निसर्गाशी मुलांची ओळख व्हावी आणि त्याने मुलांना हात मात्र लावू नये, असा एकूण बेत.

धाकटी पावसाकडे ढुंकूनही बघत नाही. तिला जोत्याच्या कडेला पैसा सापडलेला असतो. तोच, काळपट अंगाचा, पायांची रांगच्या रांग असलेला. बोट लावलं की तो वेटोळं करून पडतो. ती उकिडवी बसून वाट बघते. बऱ्याच वेळाने डोकं सुटतं, मग मागचे पाय एकामागून एक हलायला लागतात आणि स्वारी पुढे निघते. की पुन्हा बोट. आंघोळीपासून जेवणाच्या हाकेपर्यंत हाच खेळ. इकडे 'विषारी आहे का' हे शोधायला बाबा रेंजच्या मागे माडापर्यंत जातात, तिथे छत्री उलटी होते.

"काही करत नाही रे तो, चावतसुद्धा नाही!" आजी चुलीपुढून ओरडते. "कुजका पाला खातो बिचारा. तू तर खिशात घालून शाळेत न्यायचास."

बाबांना हे आठवत नाही. त्यांच्या आठवणीतल्या बालपणात फक्त कागदी होड्या असतात.

मग वीज जाते. टॅब्लेटचं चार्जिंग संपतं, थोरला भोकाड पसरतो. त्याला गप्प करायला बाबांनी आणलेलं पक्ष्यांचं सचित्र पुस्तक कामाला येत नाही; आजोबा निखाऱ्यात आठळ्या भाजायला घेतात तेव्हा तो आपोआप जवळ सरकतो. कोणती आठळी आधी तडकणार यावर आजोबा-नातवाची पैज लागते आणि आजोबा सरळसरळ लबाडी करतात. माजघरात शेगडीवर पालथ्या घातलेल्या बांबूच्या टोपलीवर चड्ड्या-फ्रॉक धुरकट वासासह वाळत असतात. हळदीच्या पानातल्या पातोळ्या वाफवायला ठेवून आजी कपड्यांची बाजू पालटते. सूनबाई तेवढ्यात दोन तास निवांत झोपून घेतात. सहलीतली ही एकच गोष्ट मनासारखी पार पडते.

आणि बाबा? ऑफिसच्या प्रिंटआउटच्या सात-आठ होड्या करून ते पागोळ्यांखाली एकटेच उभे असतात. पोरांना हाका मारून झाल्या, एकही आलं नाही. होडी पन्हळीच्या पाण्यात पडते, गरगरते आणि बुडते. ते दुसरी सोडतात. शर्ट चिंब, चष्म्यावर पाणी, आणि चेहऱ्यावर असा आनंद, की बघणाऱ्याला हसू आवरत नाही.

"नातवंडांना पाऊस दाखवायला आलाय म्हणे," आजोबा आठळी सोलत म्हणतात.

असे बाबा या मोसमात तुमच्या घरी यायचे असतील, तर त्यांना अडवू नका, समजावूही नका. पोरांच्या कपड्यांबरोबर एक मोठ्या मापाचा बनियन आणि कोरडा टॉवेल तेवढा शेगडीवर धरून ठेवा. सर्दी पहिल्यांदा त्यांनाच होते.