कढी, परात आणि सोडा

“जुना डेटाबेस उलगडणं म्हणजे दोन लूपचं काम आहे,” असं प्रस्तुत लेखकाने वाचनालयाच्या बाईंना सांगितलं, तेव्हा हातातला चहा अजून निवलाही नव्हता. बाहेरच्या लूपने टेबलं फिरायची, आतल्याने त्यांचे फील्ड. टेबलांची नावं ठाऊक असायची गरजच काय?

जँगो या फ्रेमवर्कमध्ये हे खरंच जमतं. इन्स्पेक्टडीबी हा आदेश जुन्या डेटाबेसात डोकावून मॉडेल्स लिहून देतो. मग गेट_मॉडेल्स() एकेक मॉडेल हाती देतं आणि _मेटा.गेट_फील्ड्स() त्याचे फील्ड. कॅन्ससमधल्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत जन्मलेलं हे फ्रेमवर्क २००५ साली सर्वांसाठी खुलं झालं. नाव जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचं. आगीत हात भाजल्यावर हा गडी डाव्या हाताच्या मुख्यतः दोन बोटांवर सुरावटी काढायचा. लेखकाने आपल्या दोन लूपची तुलना त्या दोन बोटांशी केली. मनातल्या मनात, पण केली.

लूप फिरला. पहिल्याच टेबलात कढी, परात, सोडा. लेखकाचं निदान तयार : कॅन्टीन.

आता दोष कोणाचा? डीबेस या जुन्या डेटाबेस-प्रणालीच्या जमान्यात फील्डचं नाव दहा अक्षरांत बसवावं लागे, आणि इथे ते रोमनमध्ये बसवलेलं. के-ए-डी-एच-आय लिहिलं की कधी, काढी आणि कढी एकाच ताटात. परत आणि परात जुळ्या बहिणी. जी-ए-डी-आय म्हणजे गादी, गाडी की गडी? पी-ए-एन हे पान की पण, हे ठरवण्यात अख्खी दुपार गेली. नंतर ही रास कोणीतरी एस्क्यूलाइटमध्ये जशीच्या तशी ओतलेली. फील्डचा प्रकार ओळखता आला नाही, तर इन्स्पेक्टडीबी शेजारी प्रामाणिकपणे नोंद करतो, की हा अंदाज आहे. लेखकाने कॅन्टीनपुढे तसं काही लिहिलं नव्हतं.

बाई हसल्या. पुस्तक कधी नेलं, परत कधी आलं. आणि सोडा?

“दंड सोडा. ज्या पोरांना परवडायचा नाही, त्यांच्यापुढे आमचे जुने ग्रंथपाल एच टाकायचे. एच म्हणजे हो.”

ग्रंथपाल आता हयात नाहीत. पडद्यावर रकाना उतरत गेला : रिकामा, रिकामा, एच, रिकामा, एच, एच. कारण लिहायला त्यांनी फील्डच ठेवलं नव्हतं. लेखकाच्या नव्या फॉर्मात मात्र ‘सवलतीचे कारण’ सक्तीचं होतं, वर लाल फुलीही. त्याला स्वतःचाच राग आला. ते फील्ड त्याने गुपचूप काढून टाकलं.

मग बिल दिलं : ‘अज्ञात टेबलांचे सखोल विश्लेषण’. बाईंनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

“एवढं? थोडं सोडा की.”